हाली रुपयाचा देश आणि नांदेड-लातूर

८२,६९८ चौरस मैलांचा मुलूख, १९४१ च्या शिरगणतीत सुमारे १ कोटी ६३ लाख माणसं, १६ जिल्हे. शिवाय स्वतःचं नाणं, टपाल, रेल्वे आणि फौज. निजामाचं हैदराबाद संस्थान आकाराने आजच्या नेपाळहून बरंच मोठं होतं. नांदेड हा त्यातला एक जिल्हा आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातली बाजारपेठ. लातूर जिल्हा झाला तो थेट १६ ऑगस्ट १९८२ ला. उरलेला देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. इथे मात्र निजामाची सत्ता त्यानंतर ३९९ दिवस टिकली.

देश म्हणवून घ्यायला लागणारी सगळी चिन्हं या राज्याकडे होती. मग इथल्या माणसाला ते आपलं का वाटलं नाही? याचं उत्तर भाषेच्या आकड्यांत सापडतं. तेलुगू बोलणारे सुमारे ४८ टक्के, मराठी २६, कन्नड १२ आणि उर्दू १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे राज्यकारभाराची भाषा, उर्दू, दहातल्या एकाची, आणि चाळीस लाखांवर मराठी माणसांना कोर्टकचेरीत परकी. हैदराबादच्या नोटेवर रकमेचा आकडा मराठीतही छापलेला असे. बाजारात ती नोट खपायची तर मराठी, तेलुगू, कन्नड लागणारच होती. पण १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र नांदेडच्या शेतकऱ्याच्या पोराला पुढे शिकायचं तर आधी भाषा बदलावी लागे, हेही तितकंच खरं.

म्हणूनच मराठवाड्याची अस्मिता आधी शाळांत घडली, सभांत नंतर. विनापरवाना सभेवर ‘गश्ती निशान ५३’ या सरकारी परिपत्रकाची बंदी होतीच. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. तिथे आणि पुढे अंबाजोगाईला शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ हेच निजामाविरुद्धच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे नेते झाले. मुक्तीनंतर अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं, ते याच परंपरेतून.

दुसरा आकडा पैशाचा. इंग्रजी मुलखातल्या १०० कलदार रुपयांसाठी निजामाच्या हाली शिक्क्याचे ११६ रुपये १० आणे ८ पै मोजावे लागत. लातूरच्या आडत्याला हा हिशेब तोंडपाठ असणं भागच होतं, कारण त्याची रेल्वे इंग्रजी हद्दीत जायची. बार्शी लाईट रेल्वेचा अडीच फुटी नॅरोगेज १९११ ला लातूरला पोचला आणि माल बार्शी-कुर्डुवाडीकडे निघाला. नांदेडहून १९०० च्या सुमारास गेलेला मीटरगेज मात्र मनमाडला सिकंदराबादशी जोडणारा, निजामाच्या राजधानीकडे तोंड करून. आजही नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे मुख्यालय सिकंदराबाद. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, मुख्यालय मुंबई. दोन शेजारी जिल्हे, पण एकाचे नातेवाईक आणि दवाखाने हैदराबादेत तर दुसऱ्याचे पुण्या-सोलापुरात, हा फरक मला बराचसा या रुळांचा वाटतो.

१३ सप्टेंबर १९४८ ला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावंच्या गावं छळली होती. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरातच वकिली करायचा. या अत्याचारांची आठवण आपण दरवर्षी काढतो, काढलीच पाहिजे. पण त्याच महिन्यांतला आणखी एक आकडा आपण सहसा उच्चारत नाही. चौकशीसाठी आलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अंदाजाने पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आहे आणि लातूर ज्यात होतं ते उस्मानाबादही. मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्याने हा आकडाही आपला मानावा, असं मला मनापासून वाटतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा देश भाषेच्या रेघांवर तिघांत वाटला गेला. मराठीभाषक पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, तेलंगण आंध्रात गेलं आणि कन्नड भाग म्हैसुरात. रेघ जिथे ओढली तिथे माणसं तशीच राहिली: देगलूर-धर्माबादच्या बाजारात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड आजही ऐकू येते.

कागदांत तर तो देश अजून जिवंत आहे. जुन्या जमिनीच्या उताऱ्यावर ‘फसली १३४३’ असं साल दिसलं तर त्यात ५९० मिळवायचे. ते १९३३-३४ निघतं. २ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा शासन निर्णय काढला आणि मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यासाठी घरोघर निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. त्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत. वाचणारी माणसं मोजकी. आणि नांदेड-लातूर या दोन्ही जिल्ह्यांची मिळून २०११ ची लोकसंख्या ५८ लाखांवर. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे, त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरची, १९९४ ची. हे कागद वाचू शकणारी तरुण मुलं तालुक्यागणिक तयार करण्याचं काम त्याच विद्यापीठाने अंगावर घ्यावं.