कोॲग्युलेज चाचणीतील गुठळी आणि तिचे अवरोधक

विद्रधीतील पू तपासणीस पाठविला, की काही दिवसांनी येणाऱ्या अहवालातील एक शब्द आपण बहुधा वरवर वाचून पुढे जातो : कोॲग्युलेज. मुलुंड येथील आमच्या चिकित्सालयात आलेल्या एका मधुमेही गृहस्थांच्या पाठीवरील विद्रधीने आम्हांस या शब्दापाशी थांबावयास लावले. अहवाल ‘स्टॅफिलोकोकस, कोॲग्युलेज निगेटिव्ह’ असा होता. त्वचेवरचा नित्याचा जंतू नमुन्यात मिसळला असावा, असे समजून आम्ही शोधन-रोपणाचाच क्रम चालू ठेवला. पाचव्या दिवशी शोथ पसरला, ज्वर चढला व रुग्णास शल्यचिकित्सकांच्या हाती सोपवावे लागले. दुसऱ्या नमुन्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला. दोष एकट्या अहवालाचा नव्हता. व्रण स्वतः जे सांगत होता ते आम्ही ऐकले नाही.

आपण लावलेल्या हरिद्रालेपाने चाचणी बिघडली असावी, अशी शंका आमच्या एका वैद्यमित्रांनी काढली. ती टिकत नाही. जंतू प्रथम माध्यमावर वाढवितात व त्या वसाहतीतील जंतू प्लाझ्म्यात मिसळतात. लेपामुळे जंतूची वाढ कमी होईल, परंतु लेप नळीपर्यंत पोहोचत नाही. नळीत काय घडते, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

या जंतूमुळे प्लाझ्मा गोठतो, हे लिओ लोएब यांनी १९०३ साली दाखविले. शरीरात रक्त गोठताना प्रोथ्रॉम्बिनचे छेदन होऊन थ्रॉम्बिन बनते व त्यास कॅल्शियम लागते. कोॲग्युलेज हे छेदन करीतच नाही. ते प्रोथ्रॉम्बिनला चिकटून त्यास आहे त्या स्थितीत कार्यप्रवृत्त करते आणि ती जोडी फायब्रिनोजेनचे फायब्रिन करते. म्हणूनच कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या ईडीटीएच्या प्लाझ्म्यातही गुठळी होते. हेपारिन हे थ्रॉम्बिनला आवरते ते रक्तातील अँटिथ्रॉम्बिनच्या द्वारा. ही जोडी त्यालाही जुमानीत नाही.

येथेच अवरोधकाचा खरा उपयोग आहे. प्लाझ्मा सायट्रेटचा असेल आणि नळीत सायट्रेट खाणारा एन्टेरोकोकससारखा जंतू असेल, तर मोकळ्या झालेल्या कॅल्शियममुळे प्लाझ्मा आपोआप गोठतो व खोटा पॉझिटिव्ह निघतो. ही गुठळी हेपारिनने अडते, ऑरियसची अडत नाही. काही जंतूंचे प्रथिनभेदक एन्झाइमही कोॲग्युलेजचे सोंग आणतात. ते प्रोटिएज-अवरोधकाने उघडे पडते. उलट डाबिगाट्रान घेणाऱ्या रुग्णाचा प्लाझ्मा चाचणीस वापरला, तर खरी गुठळीही अडू शकते, कारण हे औषध थेट क्रियास्थानीच बसते. कोणाचाही उरलेला प्लाझ्मा न वापरता ईडीटीएयुक्त सशाचा प्लाझ्मा वापरावा, या आग्रहामागे असे कारण आहे.

आमच्या रुग्णाच्या नळीत मात्र बहुधा निराळेच घडले. त्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी आम्हांस मोकळेपणी सांगितले, की नळी सायंकाळी ३७ अंशांवर ठेवली व सकाळी पाहिली. ऑरियसच्या अनेक प्रकारांत स्टॅफिलोकायनेजही असते. ते प्लाझ्मिनच्या साहाय्याने फायब्रिन विरघळविते. रात्री झालेली गुठळी पहाटेपर्यंत नाहीशी झाली असणे शक्य आहे. म्हणून चौथ्या तासाला नळी पाहावी आणि निगेटिव्ह वाटल्यास सामान्य तापमानात ठेवून २४ तासांनी पुन्हा पाहावी, असा दंडक आहे. परंतु सायंकाळी लावलेली नळी रात्री दहाला पाहणार कोण?

गोठविणे व विरघळविणे ही दोन्ही कामे करणारा आणखी एक जंतू मुंबईस परिचित आहे : १८९६ साली मांडवीत प्रकटलेल्या प्लेगचा. त्याचे एकच एन्झाइम थंड तापमानात सशाचा प्लाझ्मा गोठविते आणि ३७ अंशांवर गुठळी विरघळविते.

जलौकावचारण करणाऱ्या वैद्यबंधूंस यात आणखी एक सूचना आहे. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात सविष व निर्विष अशा बारा जलौका वर्णिल्या आहेत. जलौकेच्या लाळेतील हिरुडिन थ्रॉम्बिनला घट्ट धरते, त्यामुळे दंशातून रक्त बराच काळ स्रवते. परंतु कोॲग्युलेजने घडविलेल्या जोडीवर त्याची पकड बसत नाही. जलौका लावलेल्या स्थानी पू झाल्यास हिरुडिनच्या भरवशावर राहू नये. शिवाय जलौकेच्या आतड्यात एरोमोनास हा जंतू वसतो, त्याचीही तपासणी सांगावी.

आता आम्ही पू लेपापूर्वीच काढून घेतो. अहवालात ‘निगेटिव्ह’ असेल व विद्रधि तीव्र असेल, तर दूरध्वनी करून प्लाझ्मा कशाचा होता आणि नळी किती वाजता पाहिली, एवढे विचारतो. प्रारंभी तंत्रज्ञांस ते खटकले. अलीकडे ते नळी सकाळी लावतात व पाहिल्याची वेळ अहवालावर लिहून पाठवितात.