घरातल्या वडीलधाऱ्यांचा विसराळूपणा वाढलाय? आधी साध्या तपासण्या, मग अल्झायमरची

‘वय झालं की विसरायला होतंच’ असं म्हणून आपण विषय सोडून देतो. पण चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि रोजच्या शेताची वाट चुकणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, सुट्ट्या पैशांचा हिशोब न जमणं वेगळं. असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

बायोमार्कर म्हणजे काय?

आजाराची मोजता येणारी खूण म्हणजे बायोमार्कर. मधुमेहात आपण रक्तातली साखर मोजतो, तसंच हे. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात. विसरणं सुरू होण्याच्या १५-२० वर्षं आधीच हे साचणं सुरू झालेलं असू शकतं. ते ओळखायला आतापर्यंत पेट स्कॅन करावा लागे किंवा कंबरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढावं लागे.

आता नवीन काय?

अमेरिकेतल्या एफडीए या सरकारी संस्थेने मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठीच्या पहिल्या रक्त तपासणीला मान्यता दिली. ती लक्षणं दिसत असलेल्या लोकांसाठी आहे. ४९९ नमुन्यांवर तपासलं तेव्हा पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांचं निदान स्कॅन किंवा मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीशी जुळलं. निगेटिव्हमध्ये हे प्रमाण ९७.३ टक्के होतं. काहींच्या बाबतीत मात्र ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, असा निकाल येतो.

मग थेट हीच तपासणी करायची का?

नाही. किडनीचा आजार असेल तर टाऊचा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. विसरायला होत नसेल तर केवळ भीतीपोटी ही तपासणी करू नका. नुसत्या रिपोर्टवरून निदान होत नाही, डॉक्टर माणूसही तपासतात.

शिवाय विसरण्याची सगळीच कारणं अल्झायमर नसतात. बी१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, दारू यांनीही डोकं चालेनासं होतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत आणि ते वेळेत झाले तर माणूस सुधारू शकतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं. म्हणून गोळी मनाने बंद करू नका, बी१२ तपासून घ्या.

काय कराल?

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि जुने कागद सोबत न्या.
- विसरणं कधीपासून सुरू झालं, हे रोज सोबत राहणाऱ्या माणसाने सांगावं.
- बी१२ आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आधी विचारा.
- एक-दोन दिवसांतच अचानक भ्रम झाला, बोलणं अडखळलं किंवा पडल्यावर डोक्याला मार लागला असेल तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण आजार लवकर कळला तर औषधपाणी, जमीन-बँकेचे व्यवहार आणि घरातली देखभाल यांची सोय वेळेत लावता येते. त्यामुळे ‘म्हातारा चळला’ म्हणण्याआधी एकदा तपासून घ्या.