पट्टा कधी बांधायचा?

जळगाव किंवा धुळ्यातल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातनंतर गेलं, की दोन माणसं शेजारीशेजारी दिसतात. नाव नोंदवून महिनाही न झालेला मुलगा कंबरेला रुंद पट्टा करकचून आवळून ४० किलोंचा स्क्वॉट मारत असतो. त्याच्या बाजूला दहा वर्षं वजनं उचललेला माणूस तेवढ्याच वजनाने अंग गरम करत असतो, आणि त्याचा पट्टा अजून खुंटीलाच असतो. पहिल्याला कुणा मित्राने मायेने सांगितलेलं असतं, "पट्टा बांधी ले भो, नही ते कंबर जाई!" माया खरी आहे, सल्ला मात्र चुकीच्या वेळी दिलेला आहे.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंगला उतरणारी जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलंमुली आणि नुसती ताकद कमवायला येणारी तरुण पोरं, या सगळ्यांच्या बॅगेत आज पट्टा, मनगटाचे रॅप, गुडघ्याचे स्लीव्ह, स्ट्रॅप असं काही ना काही असतं. सामान सहज मिळतं. ते कधी वापरायला घ्यायचं हे सांगणारं माणूस मात्र सहज भेटत नाही. माझं म्हणणं असं, की ही वेळ बारवरच्या किलोंवरून ठरत नाही. ज्या हालचालीला आधार द्यायचा, ती हालचाल आधाराशिवाय नीट जमायला लागली, की आधाराची वेळ आली. त्याआधी घेतलेला आधार शिकणं थांबवतो.

खानदेशाला हे नवं वाटायला नको. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. ज्या तालमींच्या परंपरेतून असे मल्ल येतात, तिथे पहिल्या दिवसापासून अंगावर असतो तो लंगोट. पाठ आणि पोट तयार होतं ते जोर, बैठका, दोरी चढणं आणि लाल मातीतल्या झोंबीतून. आधी धड घडवायचं आणि मग त्यावर भार टाकायचा, हा क्रम तालमीत कुणी पाटीवर लिहून ठेवत नाही, पण तो कुणी मोडतही नाही. लोखंडाच्या बारला तोच क्रम लागू आहे.

आता पट्टा नेमकं करतो काय, ते पाहू. सगळा गोंधळ इथेच आहे. वजन खांद्यावर घेतल्यावर, खाली बसण्याआधी उचलणारा पोटात खोल श्वास भरतो, तो रोखून धरतो आणि पोटाचे, कुशीचे, पाठीचे स्नायू एकदम ताठ करतो. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा वरून दाबतो, ओटीपोटाचा तळ खालून आवळला जातो. मधल्या पोकळीतला दाब वाढतो आणि मणक्याच्या कण्याला पुढच्या बाजूने टेकू मिळतो. कापसाने गच्च दाबून भरलेलं गाठोडं ताठ उभं राहतं, अर्धवट भरलेलं मध्येच वाकतं, तसंच हे. पट्टा या पोटाला चहूबाजूंनी रेटायला एक कडक कडा देतो. त्यामुळे आतला दाब आणखी वाढतो आणि जड वजनाखाली धड कमी डगमगतं.

म्हणजे दाब तयार करायचा तो उचलणाऱ्याने, पट्टा तो फक्त वाढवतो. श्वास भरून धड ताठ करणं ज्याला येतच नाही, त्याचा पट्टा वाढवणार काय? असा मुलगा पट्टा इतका आवळतो की पोट आत जातं, श्वास छातीत अडकतो आणि खाली बसताना पाठ वाकते ती वाकतेच. वर त्याला सुरक्षित असल्याचा भास होतो आणि तो आणखी दहा किलो चढवतो. माझ्या मते पट्ट्याचा सगळ्यात मोठा धोका हा भासच आहे.

जिममध्ये अडकवलेले बरेच पट्टे मागे रुंद आणि पुढे अरुंद असतात. पट्टा पाठ धरून ठेवतो या समजुतीतून ही घडण लोकप्रिय झाली. पण पोट पुढे रेटलं जातं, आणि तिथेच या पट्ट्याची रुंदी कमी. जड स्क्वॉट आणि डेडलिफ्टसाठी सगळीकडे सारख्या रुंदीचा, जाड चामड्याचा पट्टा बरा. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमात त्याची रुंदी जास्तीत जास्त १० सेंटिमीटर आणि जाडी १३ मिलिमीटर आहे. ऑलिम्पिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये १२ सेंटिमीटरपर्यंत रुंदी चालते. उंची कमी असलेल्यांना १० सेंटिमीटरचा पट्टाही बरगडीला टोचतो, त्यांनी साडेसात सेंटिमीटरचा घ्यायला हरकत नाही.

वेळ ठरवायची कशी? प्रशिक्षक मंडळींमध्ये एक ढोबळ अंदाज चालतो: स्क्वॉट स्वतःच्या वजनाच्या सव्वा ते दीडपट झाला की पट्ट्याचा विचार करावा. ७० किलोंच्या मुलासाठी हे साधारण ९० ते १०५ किलो होतात. अंदाज म्हणून ठीक आहे, पण मी त्याच्याआधी एक परीक्षा लावीन. स्वतःच्या सर्वाधिक वजनाच्या ७० ते ७५ टक्के वजन घ्या, पट्टा न लावता पाच स्क्वॉट मारा आणि मित्राला मोबाइलवर कुशीकडून चित्रीकरण करायला सांगा. पहिल्या आणि पाचव्या स्क्वॉटमध्ये पाठीचा आकार तोच राहतो का? प्रत्येक वेळी खाली जाण्याआधी श्वास नव्याने भरला जातो का? वर येताना कंबर आधी उचलली जाऊन छाती खाली पडते का? या परीक्षेत चार-सहा आठवडे सलग पास होणारा पट्टा बांधायला तयार आहे. मन लावून सराव करणाऱ्याला इथवर यायला सहा महिने ते वर्षभर लागतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मग तो वापरायचा कुठे, तर शेवटच्या जड सेटांना, साधारण ८० टक्क्यांच्या पुढे. अंग गरम करणारे सेट बिनपट्ट्याचेच. पहिले तीन आठवडे एक भोक सैल ठेवून ओळखीच्या वजनावरच सवय करावी, कारण पट्ट्यामुळे खाली बसण्याचा ताल बदलतो. वहीत दोन आकडे वेगळे लिहावेत, पट्ट्यासह आणि पट्ट्याशिवाय. पट्ट्याचा आकडा वाढत राहिला आणि दुसरा तिथेच अडकला, तर महिना-दीड महिना पट्टा घरी ठेवावा.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक वेगळं वाक्य लिहायलाच हवं, कारण खानदेशातल्या जिममध्ये त्यांची संख्या मोठी आहे. तुमची मैदानी परीक्षा १६०० मीटर आणि १०० मीटर धावण्याची आणि गोळाफेकीची आहे. तुम्हाला पट्ट्याची गरज नाही, तो पैसा चांगल्या बुटांवर घाला.

बुटांचं गणितही सगळ्यात वेगळं आहे. टणक तळाचे, टाच थोडी उंच असलेले वेटलिफ्टिंगचे बूट सुरुवातीपासून घातले तरी शिकणं अडत नाही. घोटा पुरेसा वाकत नसेल तर त्यांच्यामुळे योग्य खोलीपर्यंत बसता येतं. मऊ गादीचे पळण्याचे बूट घालून जड स्क्वॉट मारणं मात्र टाळावं, त्यापेक्षा सपाट तळाचे साधे कॅनव्हासचे बूट चांगले. गुडघ्याचे निओप्रीनचे स्लीव्ह सांधा उबदार ठेवतात आणि थोडीशी उसळी देतात. तेही लवकर वापरायला हरकत नाही, फक्त मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना पत्र्याच्या छताखाली ते तासभर चढवून ठेवू नयेत. मनगटाचे रॅप बेंच प्रेस जड झाल्यावर, मनगट मागे मोडायला लागलं तर घ्यावेत. पण आधी बार तळहाताच्या टाचेवर, हाडाच्या रेषेत बसतो का ते बघावं. बहुतेकांचं मनगट तिथेच सुटतं.

स्ट्रॅपबद्दल मी कडक आहे. डेडलिफ्टमध्ये पाठीआधी हाताची पकड सुटते, म्हणून मुलं स्ट्रॅप गुंडाळतात, आणि पकड कायमची कच्ची राहते. पॉवरलिफ्टिंगच्या आणि वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालतच नाहीत. म्हणून मुख्य सेट उघड्या हाताने, चॉक लावून मारावेत. पकड थकल्यावरही पाठीचा सराव पुढे न्यायचा असेल तेव्हाच स्ट्रॅप वापरावेत.

गुडघ्याला आवळून गुंडाळायचे लांब रॅप आणि अंगावरचे सूट हा वेगळाच प्रांत आहे. ताणलेलं कापड खाली जाताना ऊर्जा साठवतं आणि वर येताना परत देतं. किती देतं? अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सने २०२१ मध्ये साध्या अंगाने ३५५ किलोंचा बेंच प्रेस मारला. खास शर्ट घालणाऱ्यांचे बेंच ५०० किलोंच्या पुढे गेले आहेत. मधला फरक कापडाचा आणि ते कापड वापरण्याच्या कौशल्याचा आहे. म्हणूनच जगभर 'क्लासिक' आणि 'इक्विप्ड' असे दोन वेगळे प्रकार खेळले जातात. क्लासिकमध्ये पट्टा, मनगटाचे रॅप, गुडघ्याचे स्लीव्ह चालतात, गुडघ्याचे रॅप नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाची क्लासिक प्रकाराची स्वतंत्र जागतिक स्पर्धा २०१३ पासून होते. इक्विप्ड खेळायचं असेल, तर दोन-तीन वर्षं क्लासिकमध्ये मुरून, सूट चढवून देणारे अनुभवी हात सोबत असतील तेव्हाच त्यात उतरावं. घट्ट शर्टमध्ये बार एकदा रेषेबाहेर गेला तर तो चेहऱ्याकडे किंवा पोटाकडे येतो, आणि तिथे एकटा माणूस काही करू शकत नाही.

स्पर्धेचं सामान स्पर्धेच्या निदान दोन महिने आधी अंगवळणी पडायला हवं. कुठल्या नियमांनी स्पर्धा होणार, हे महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना आधीच विचारून घ्यावं. तपासणीच्या टेबलावर पट्टा बाद झाला, तर वर्षाची मेहनत उसन्या पट्ट्यावर लावावी लागते.

दुखतंय म्हणून साधन घेऊ नये, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. गुडघा दुखतो म्हणून रॅप, कंबर धरते म्हणून पट्टा, असं सुरू झालं की दुखण्याचं कारण झाकलं जातं आणि वजन वाढत राहतं. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलोंखाली त्याचा उजवा कोपर दुखावला आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. इतकी तयारी असलेल्या खेळाडूचाही सांधा एका क्षणात दगा देऊ शकतो. मग दोन आठवडे कंबर दुखत असलेल्या मुलाने पट्टा आवळून डेडलिफ्ट का मारावा? त्याने आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट गाठावा.

रक्तदाबाचंही तसंच. १९८५ मध्ये कॅनडात सरावलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा दोन्ही पायांनी जड लेग प्रेस मारताना रक्तदाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. निरोगी शरीर हा क्षणभराचा ताण सोसतं. पण ज्यांना उच्च रक्तदाब आहे, हर्निया आहे, किंवा ज्या बाईचं नुकतंच बाळंतपण झालं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखून वजन उचलू नये, आणि त्यावर पट्टाही बांधू नये. इतरांनीही दोन सेटांच्या मध्ये पट्टा सैल सोडावा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वजन जिममध्ये उचललं जात नाही, ते उचललं जातं जळगावच्या डाळ मिलमध्ये, दाणाबाजारात आणि जळगाव-धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या जिनिंगमध्ये. हमालांच्या कंबरेलाही असा पट्टा बांधावा, असं अनेकांना मनापासून वाटतं. पण पट्टा एक ते पाच उचलींसाठी आहे, तोही दम घेऊन, थांबून. आठ तासांच्या पाळीत श्वास रोखून पोती वाहता येत नाहीत. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं, की निरोगी कामगाराची पाठ पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही. पुढे १६० दुकानांतल्या नऊ हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही पट्टा बांधणाऱ्यांची पाठदुखी कमी आढळली नाही. हमालाची कंबर वाचते ती पोत्याचं वजन उतरल्याने, ढकलगाडीने आणि सरकत्या पट्ट्याने. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने एका वेळी वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १०० किलोंचं पोतं ५० किलोंवर आणण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. मिलच्या मालकाला कामगारासाठी खर्च करायचाच असेल, तर तो आधी गोदामाच्या दारापासून थप्पीपर्यंतच्या ढकलगाडीवर करावा.