व्हिसाचा कागद तुम्हीही वाचा

आमच्याकडे खेड-दापोलीच्या बाजूला कुठल्याही वाडीत जा, एखाद्या घरातला तरी कर्ता माणूस ‘दुबईला’ असतो. मग तो मस्कतला असो, कुवेतला असो की दोहाला. वाडीच्या हिशेबात सगळी दुबईच! तो सुट्टीवर आला की अत्तराच्या बाटल्या, दुधाच्या पावडरीचे डबे, पोरांना चॉकलेटं. हे सगळ्यांना दिसतं. त्यासाठी कुणाच्या हातातल्या बांगड्या गेल्या, ते मात्र दिसत नाही.

माझ्या गेल्या होत्या. आईने लग्नात घातलेल्या चार बांगड्या. ह्यांना शटरिंग कारपेंटरची नोकरी आहे, असं एजंट म्हणाला. सत्तर हजार मागितले, आम्ही दिले. कागदावर काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. ‘बायकांनी यात कशाला पडायचं’ असं घरात कुणी म्हणालं नाही, मीच मनाशी म्हटलं. तिकडे उतरल्यावर कळलं, व्हिसा व्हिजिटचा. म्हणजे फिरायला आलेल्या माणसाचा. त्यावर काम करणं हा गुन्हा. एका खोलीत आठजण, चोरून मिळेल ते काम आणि पकडले जायची भीती. अडीच महिन्यांनी हे रिकाम्या हाताने परत आले. बांगड्या सोडवायला तीन वर्षं लागली.

म्हणूनच परवा शेजारची सून कागद घेऊन आली तेव्हा मी हातातली भाजी बाजूला सारली.

‘‘काकू, जरा बघता का? उद्या पैसे भरायचेत.’’

‘‘अगं, व्हिसा कसला आहे?’’

‘‘एजंट म्हणतो, आधी व्हिजिटवर जायचं, मग तिथे बदलून मिळतो.’’

पोटात गोळाच आला. तेच शब्द!

मैत्रिणींनो, नियम तसा साधा आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टला ‘ईसीआर’ म्हणतात. असा माणूस आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी करारनामा दाखवावा लागतो आणि प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये, आणि अपघाती मृत्यू झाला तर 10 लाख. व्हिजिट व्हिसावर पाठवलं की एजंट या सगळ्यातून सुटतो. सुटत नाही तो आपला माणूस.

मी तिला कागदावर चार प्रश्न लिहून दिले. एजंटाचा सरकारी परवाना नंबर काय? ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तो तपासता येतो. पावती देणार का? परवानाधारक एजंटला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. करारनाम्यात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय लिहिली आहे का? आणि व्हिसा नोकरीचाच आहे ना?

सगळं नीट असलं तरी माणूस निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, करारनामा यांच्या झेरॉक्स घरी ठेवून घ्या. मालकाचं नाव, पत्ता, फोन वहीत उतरवा. उद्या पगार थकला, तर परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार घरूनही करता येते. पण तिथे पासपोर्ट नंबरच माहीत नसेल तर काय लिहिणार? पैसे येतील ते खातंही दोघांच्या नावावर असू द्या.

तिकडचं काम सोपं नाही. यूएईत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे, एवढं ते ऊन! आपल्याकडे तेव्हा दोन ते साडेचार. त्या वेळात तो सावलीला बसून घरी फोन लावतो. अशा घामाच्या पैशाची राखण आपण नाही करायची, तर कुणी?

सुनेचा नवरा आधी रागावला. ‘‘काकू, चान्स जाईल हो!’’ तरी त्याने एजंटला फोन लावून परवाना नंबर विचारला. ‘उद्या सांगतो’ म्हणाला. त्या उद्याला आज नऊ दिवस झाले, फोन काही उचलत नाही.

काल ती पाणी भरताना दिसली. बांगड्या हातातच आहेत.