आसनात पडल्या पडल्या रडू का येतं?

आज जरा पर्सनल. बाबा गेले, त्याच्या पंधराव्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. रिलीज होतं ना! रडलो नाही. आठ महिन्यांनी योगाच्या क्लासला सुप्त बद्धकोनासनात पडलो होतो, आणि डोळ्यांतलं पाणी थेट कानात. थांबेचना.

मॅडम म्हणाल्या, "कमरेत दुःख साठतं." माझ्यातला इंजिनिअर लगेच जागा: साठतं म्हणजे कुठे? स्नायूत काही फोल्डर नसतो. पण ताणात जबडा, खांदे, पोट आवळतं, श्वास वरवरचा होतो, हे खरंय. श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह हृदयाचे ठोके मंदावते. उच्छ्वास लांबला, की शरीर पहारा सोडतं. मला वाटतं, अडवून धरलेलं रडू तेव्हाच येतं.

२०१४ मध्ये अमेरिकेत व्हॅन डर कोल्क यांनी जुना ट्रॉमा असलेल्या स्त्रियांना १० आठवडे योग शिकवला, उपचारांना जोड म्हणून. ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांबाहेर आल्या. योग न केलेल्या गटात २९ पैकी ६. अभ्यास छोटाच, पण आकडे बोलके.

आसनात फारच घाबरल्यासारखं झालं तर डोळे उघडा, उठून बसा. ताणून धरू नका.

मी त्या रात्री आईला फोन केला. बाबांच्या स्कूटरबद्दल तासभर बोललो.