मार कोपराला, कमजोरी पंजाला

कोपराला मार लागल्यानंतर हाताची ताकद कमी झाली, तर दोष हाडाचा, स्नायूचा की नसेचा, हे आधी ठरवावे लागते. वेदनेमुळे हात वापरला जात नसेल, तर वेदना ओसरताच ताकद परत येते. दुखणे थांबूनही पकड ढिलीच राहिली आणि करंगळी बधिर वाटू लागली, तर संशय अल्नर नसेवर जातो. ही नस कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून, जवळजवळ कातडीलगत जाते. टेबलाची कड लागल्यावर येणाऱ्या झिणझिण्या हिच्याच.

कधी कधी इजा आणि कमजोरी यांत कित्येक वर्षे जातात. लहानपणी कोपराच्या बाहेरच्या बाजूचे हाड मोडून नीट जुळले नाही, तर वाढत्या वयात हात कोपरापासून बाहेर कलतो आणि कोपर वाकवताना नस दर वेळी ताणली जाते. मोठेपणी शर्टाची बटणे लावताना बोटे साथ देईनाशी होतात. अंगठा आणि तर्जनी यांमधला, हाताच्या पाठीवरचा मांसल भाग खोलगट दिसू लागतो. बालपणीचे पडणे रुग्ण आपणहून सांगत नाही. ते विचारावेच लागते.

निदानाची सर्वांत सुंदर चाचणी कागदाची आहे. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक तपासताना फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ ज्यूल फ्रोमाँ यांनी 1915 मध्ये तिचे वर्णन केले. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरायला सांगून तो ओढायचा. निरोगी अंगठा सरळ राहून कागद दाबतो. अल्नर नस निकामी असेल तर अंगठ्याचे टोक वाकते, कारण ते वाकवणारा स्नायू मीडियन या दुसऱ्या नसेवर चालतो आणि तोच मदतीला येतो. शरीराने शोधलेली ही पळवाट फ्रोमाँ यांनी नेमकी हेरली.

हाताची कमजोरी मानेत नस दबल्यानेही येऊ शकते; मूळ मानेत की कोपरात, हे बधिरपणा सांगतो. अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजूच बधिर आणि कोपराखालची आतली त्वचा शाबूत असेल, तर मानेपेक्षा अल्नर नसच दोषी ठरते. मग नसेतील विद्युतसंदेशाचा वेग मोजतात. कोपराजवळ तो सेकंदाला 50 मीटरच्या खाली आला, तर निदानाला बळकटी मिळते. एक्स-रेमध्ये हाडाचा दोष दिसतो, नस दिसत नाही. म्हणून केवळ ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून रुग्णाला परत पाठवणे चूक आहे.

नसेचे तुटलेले तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतात. कोपरापासून पंजापर्यंत पोहोचायला त्यांना कित्येक महिने लागतात आणि तोवर स्नायू वाळत जातात. बोटांची ताकद घटताना दिसली, तर थांबू नये. तपासणीच्या वेळी कोपराची जुनी इजा डॉक्टरांना आवर्जून सांगावी.