निकालाच्या टक्केवारीबाहेरची मुले

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र परीक्षा मंडळ झाले, तेव्हापासून, म्हणजे २०१२ च्या पहिल्या परीक्षेपासून २०२५ पर्यंत, शालान्त परीक्षेत कोकण विभागाने राज्यातील अग्रस्थान एकदाही सोडलेले नाही. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, तर कोकणचा ९८.८२ टक्के. या यशाचा रत्नागिरीकरांस वाटणारा अभिमान आम्हांसही वाटतो. परंतु ही टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांची असते. परीक्षेच्या दारापर्यंत जे पोचलेच नाहीत, त्यांची ती नव्हे.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा भेद फार मोलाचा आहे. २०२५ च्या शालान्त परीक्षेस राज्यात ९,५८५ दिव्यांग विद्यार्थी बसले व ८,८४४ उत्तीर्ण झाले. हे प्रमाण ९२.२७ टक्के पडते. सर्वसाधारण निकालाहून दोन टक्क्यांनीही कमी नाही. लेखनिक आणि वाढीव वेळ मिळाली की ही मुले इतरांच्या बरोबरीने उभी राहतात, हे यावरून सिद्ध होते. प्रश्न त्यांच्या बुद्धीचा नाहीच. प्रश्न त्यांच्या संख्येचा आहे. साडेपंधरा लाख परीक्षार्थींत साडेनऊ हजार, म्हणजे हजारी जेमतेम सहा! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग नोंदले गेले. ते प्रमाण हजारी सव्वीस होते. त्यांत वृद्ध पुष्कळ, आणि काही परीक्षार्थी आपले अपंगत्व नोंदवीत नाहीत, हे मान्य करूनही ही तफावत स्वस्थ बसू देणारी नाही. उरलेली मुले गेली कोठे?

कोकणात तरी उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. येथे गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. वाडीतील प्राथमिक शाळा कशीबशी गाठता येते. माध्यमिक शाळा मात्र साकव, पऱ्हे आणि पाखाडीच्या पायऱ्यांपलीकडे असते. ज्याचे पाय अधू आहेत, त्याचे शिक्षण पुष्कळदा तेथेच संपते. मंडणगड तालुक्यात घराडी येथे दृष्टिहीन मुलांसाठी स्नेहज्योती विद्यालय आहे, रत्नागिरीत मूकबधिरांसाठी अभ्यंकर विद्यालय आहे. त्यांचे कार्य वंदनीयच आहे. परंतु नऊ तालुक्यांचा भार मूठभर संस्थांनी वाहावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे आपले कर्तव्य दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय.

कायद्यात उणीव नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांस सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि शाळकरी मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून अपंग मुले हुडकावीत, असेही बजावले आहे. आमची मागणी यापलीकडची नाही. पहिलीत दाखल झालेल्या दिव्यांग मुलांपैकी दहावीपर्यंत किती पोचली, याचा तालुकावार आकडा निकालासोबत दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. तो हाती आला, म्हणजे कोठे वाहन हवे, कोठे उतरण हवी आणि कोठे विशेष शिक्षक हवा, हे आपोआप स्पष्ट होईल.

तो आकडा कदाचित आपला अभिमान थोडा कमी करील. पण अग्रस्थानाची हौस असणाऱ्या जिल्ह्याने या हिशेबातही पुढाकार घ्यावा. मागे राहिलेल्यांस न मोजता मिळविलेला पहिला क्रमांक, आमच्या मते, अपुराच आहे.